एकेकच अक्षर असलेला संच घेऊ नका: सांगलीच्या बाजारातलं वाचन-लेखन साहित्य

जूनमध्ये शाळा उघडायच्या सुमारास सांगली-मिरजेच्या स्टेशनरीच्या दुकानांत पहिली-दुसरीच्या वर्गासाठीचा माल येऊन पडतो. अक्षरकार्डांचे खोके, बाराखडीचे तक्ते, लाकडी अक्षरपाट, पुसून पुन्हा गिरवायच्या वह्या. शाळेला मिळणारं अनुदान तुटपुंजं असतं आणि त्यातून खडू-डस्टरपासून लाइटबिलापर्यंत सगळं भागवायचं असतं. म्हणून हा माल रंग आणि चकाकी बघून घेण्यासारखा नाही. इथे एकाच कसोटीवर तो तपासला आहे: मुलाला या वस्तूने स्वतःच्या हाताने शब्द मांडता येतो का, आणि मांडलेला शब्द वाचता येतो का?

सर्वांत जास्त खपणारी वस्तू म्हणजे मुळाक्षरांच्या कार्डांचा संच, आणि या कसोटीवर तोच सर्वांत आधी नापास होतो. खोक्यात 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत प्रत्येक अक्षराचं एकच कार्ड असतं. बऱ्याच संचांत मात्रांची कार्डं नसतातच. असली तर काना एक, वेलांटी एक. आता 'मामा' मांडून बघा. 'म' दोन हवेत, काने दोन हवेत. काका, बाबा, दादा, नाना यांपैकी एकही शब्द त्या खोक्यातून तयार होत नाही. जे शब्द मूल शाळेत येण्याआधीपासून रोज बोलतं, तेच यातून वगळले जातात. उलट 'ङ', 'ञ' आणि 'ऋ' यांची कार्डं मात्र कोरी करकरीत राहतात, कारण पहिलीच्या वर्षात त्यांची गरज जवळपास पडत नाही. असा संच घ्यायचाच असेल तर एकाच छापाचे चार खोके घ्यावे लागतील, आणि तेवढ्या पैशात घरी बनवलेले कितीतरी चांगले संच होतात. ते कसे करायचे हे पुढे आहे.

दुसरी अडचण चित्रांची. कार्डावर 'ए' शेजारी एडका असतो; मूल म्हणतं 'मेंढा'. 'थ' ला थवा. मूल म्हणतं 'पाखरं'. 'ई' ला ईडलिंबू. मूल नुसतं 'लिंबू' म्हणतं, आणि मग 'ई'चा आवाज 'ल' होऊन बसतो. जतच्या पूर्व भागात घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांना तर चित्राचा मराठी शब्द आधी तोंडी शिकवावा लागतो, तेव्हा कुठे त्याचा पहिला आवाज पकडता येतो. म्हणजे चित्र मदतीला यायच्या ऐवजी वेगळा धडाच होतो. त्यातून 'च' आणि 'ज' यांना मराठीत दोन-दोन उच्चार. चाकातला 'च' आणि चंद्रातला 'च' वेगळा, जाळ्यातला 'ज' आणि जिभेतला 'ज' वेगळा. एकाच चित्रावर थांबलेला संच यातला एकच उच्चार शिकवतो. आणखी एक गोष्ट: अक्षर आणि चित्र एकाच बाजूला असलं की पंधरवड्यात मूल चित्र बघून फडाफडा 'म मगर' म्हणायला लागतं आणि बाईंना वाटतं, अक्षर आलं. चित्र अंगठ्याने झाकून बघावं, मग खरं काय ते कळतं. कार्ड विकत घ्यायचंच तर चित्र मागच्या बाजूला असलेलं घ्यावं.

तक्ते घेताना आधी 'ल' आणि 'श' ही दोन अक्षरं बघा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' (बालभारतीच्या पुस्तकात असतात तशी) हीच वळणं प्रमाण ठरवली, आणि १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयातही तीच कायम ठेवली. तरी बाजारात हिंदी वळणाचे तक्ते सर्रास मिळतात, कारण छापणाऱ्याने संगणकावर पहिला हाताशी आलेला फॉन्ट वापरलेला असतो. बालभारतीच्या पुस्तकात एक 'ल' आणि भिंतीवर दुसरा, अशाने पहिलीतलं मूल त्या दोन आकारांना दोन वेगळी अक्षरं समजतं. त्याच निर्णयांप्रमाणे 'ॲ' आणि 'ऑ' हे स्वर धरून आता चौदाखडी झाली आहे. बारावरच थांबलेला तक्ता जुना समजावा. मुलांना 'बॅट' आणि 'डॉक्टर' हे शब्द पहिल्याच वर्षी भेटतात, त्यामुळे हा फरक कागदोपत्री नाही.

तक्त्याची जागा भिंतीवर. तो संदर्भाला बरा, शिकवायला नाही. मोठ्या वर्गासाठी घ्यायचा तर एका तक्त्यावर सगळी चौदाखडी कोंबलेला घेऊ नये. मागच्या बाकावरून त्यातलं काहीच दिसत नाही. चकचकीत पृष्ठभागावर खिडकीचा उजेड पडला की अर्धा वर्ग आंधळा होतो, म्हणून मॅट फिनिश मागावा.

लाकडी अक्षरपाटाबद्दल फार लिहायची गरज नाही. खाचेत अक्षर बसवताना मूल आकार जुळवतं, आवाज नाही. बालवाडीत हाताच्या व्यायामाला चालेल, पहिलीच्या वाचनाला नको. पुसून गिरवायच्या वह्यांचंही तसंच. त्यात भर म्हणजे काही वह्यांत बाणाचा पहिला आकडा शिरोरेषेवर असतो. मराठीत अक्षर आधी आणि शब्द पूर्ण झाल्यावर शिरोरेघ, ही सवय मोडली की पुढे शब्दांत अंतर सोडणं मुलाला जड जातं.

आता ज्याला पूर्ण गुण द्यावेत असा संच. तो कुठल्याही दुकानात तयार मिळत नाही, पण लागणारं सामान सांगलीतच मिळतं: ३०० जीएसएमचा पांढरा कार्डपेपर, पारदर्शक ओएचपी शीट आणि लॅमिनेशन.

अक्षरांचं कार्ड ६ सेंटीमीटर रुंद आणि ८ सेंटीमीटर उंच ठेवावं. अक्षर साधारण साडेतीन सेंटीमीटर उंच, वर आणि खाली मोकळी जागा. मात्रा मात्र कार्डावर न छापता त्याच मापाच्या पारदर्शक पट्टीवर छापायच्या. पट्टी कार्डावर ठेवली की 'क' चा 'का' होतो, 'कु' होतो, 'के' होतो. हे इतकं महत्त्वाचं का, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर बोलली जाते, उकार खाली लटकतो, मात्रा वर चढते. शेजारी-शेजारी ठेवायच्या सुट्या कार्डांवर हे दाखवताच येत नाही. 'कि' मांडलं की मूल डावीकडून 'इक' वाचतं. यावर उपाय म्हणजे ठरलेली रीत: आधी कार्ड ठेवायचं, 'क' म्हणायचं, मग पट्टी चढवायची, 'कि' म्हणायचं. पट्टी आधी हातात घेऊ द्यायची नाही.

छापताना एक चूक हमखास होते. अक्षरं कार्डाच्या मधोमध छापली तर 'र' अरुंद आणि 'ख' रुंद असल्यामुळे काना 'र' पासून लांब उभा राहतो आणि 'ख' वर चढतो. म्हणून सगळ्या अक्षरांचा उजवा काठ एकाच रेषेवर आणावा. आणि 'रु', 'रू' ही कार्डं वेगळी छापावीत, कारण तिथे उकार खाली जात नाही, 'र' च्या पोटात शिरतो. 'हृ' आणि 'शृ' तिसरीपर्यंत बाजूला ठेवले तरी बिघडत नाही.

'मुक्त' (Mukta) किंवा 'बलू' (Baloo) नावाचा फॉन्ट घ्यावा. दोन्ही मोफत आहेत. पण नुसता फॉन्ट पुरत नाही, टाइप करताना मजकुराची भाषा मराठी निवडलेली असावी, नाहीतर हिंदी 'ल' येऊ शकतो. प्रिंट काढण्याआधी एक कागद काढून 'ल' आणि 'श' तपासावेत.

कोणती अक्षरं आधी? वर्णमालेच्या क्रमाने गेलं तर मुलाच्या हातात महिनाभर 'क ख ग घ ङ' असतं आणि त्यातून सांगण्यासारखा एकही शब्द होत नाही. सगळी अक्षरं झाल्यावर बिनकान्याचे शब्द हा जुना मार्गही तसाच. 'नमन कर, भरभर चल' असली वाक्यं कुणाच्या घरी बोलली जात नाहीत. त्याऐवजी थोडी अक्षरं आणि एक स्वरचिन्ह असा गट घ्यावा. सहा मुलांच्या एका गटासाठी पहिला डबा असा भरावा: क, म, न, ब, र, ल, त यांची प्रत्येकी ४ कार्डं आणि कान्याच्या १२ पट्ट्या. एकूण ४० तुकडे. त्यातून मामा, काका, बाबा, नाक, कान, मान, काम, ताक, बाक, रान, मका, लाल, तारा, बारा एवढं होतं, आणि दोन शब्द जोडले की 'बाबा रानात', 'मामा कामात' अशी वाक्यंही होतात. पहिल्या पंधरवड्यात मुलाने स्वतः मांडलेलं वाक्य वाचलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

रोजचा खेळ वीस मिनिटांचा. बाई शब्द म्हणतात, मुलं टाळ्यांनी तो तोडतात, कार्डं शोधून मांडतात, बोट फिरवून वाचतात. मग एकच कार्ड बदलायचं: कान, मान, रान. नाक, ताक, बाक. शेवटी तेच शब्द पाटीवर. साखळी लांबवायच्या मोहात एकदम दोन कार्डं बदलू नयेत; मूल मग वाचत नाही, अंदाज बांधतं.

पुढच्या डब्यात ह, ळ, द, स, प, ग आणि दीर्घ वेलांटी, ऊकार घ्यावेत. 'ळ' इतक्या लवकर, कारण सांगलीच्या मुलाला 'हळद' आणि 'गूळ' वाचायला मिळाले पाहिजेत. 'ऊस' साठी 'ऊ' चं कार्ड सोबत टाकावं. 'बेदाणा' एक मात्रा शिकल्यावर. 'द्राक्ष' मात्र शेवटच्या डब्यात, कारण त्यात दोन जोडाक्षरं आहेत आणि दोन्ही अवघड जातीची.

जोडाक्षरांसाठी अर्धी कार्डं करताना न, म, त, स, प यांचा दंड, म्हणजे उजवीकडची उभी रेघ, कापला की काम होतं: स् आणि त मिळून 'स्त'. ट, ठ, ड, द, ह यांना तसा दंड नाही, तिथे ही युक्ती चालत नाही. 'द्य', 'द्ध', 'ह्म' यांची अखंड कार्डं करावीत. 'र' ला तर स्वतंत्र पाकीटच लागतं: 'सूर्य' मधला रफार, 'प्रकाश' मधला 'प्र', 'ट्रक' मधला 'ट्र' आणि 'दुसऱ्या' मधला 'ऱ्य'. चारही एकाच दिवशी दाखवू नयेत.

लॅमिनेशन १२५ मायक्रॉनचं करावं. ८० चं पातळ पडतं आणि वाकतं. कार्डं आधी कापून, मग पाऊचमध्ये एकमेकांपासून अंतर ठेवून लावावीत आणि चहूबाजूंनी ३ मिलिमीटर प्लॅस्टिकचा काठ राखून कापावीत. पूर्ण कागद लॅमिनेट करून नंतर कापला तर कागदाची कड उघडी पडते. आटपाडी-जतच्या कोरड्या हवेत तो वर्षभर टिकेलही, पण शिराळ्याच्या पावसात ऑगस्टपर्यंत कडा सुटून आत बुरशी धरते. कोपरे गोल करावेत. डबे खालच्या फळीवर ठेवू नयेत. कृष्णाकाठच्या शाळांना हे २०१९ च्या पुरानंतर वेगळं सांगायला नको. ऊसतोडीला येणाऱ्या मुलांसाठी प्रत्येक डब्याची एक जादा प्रत झिपच्या पाकिटात ठेवावी, म्हणजे ती फडावर नेता येते.

कोणत्या मुलाला कुठला डबा द्यायचा हे ठरवायला 'असर' या शिक्षण-सर्वेक्षणाचं वाचन-साधन पुरतं, आणि त्याचे नमुने मोफत मिळतात. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चार पायऱ्या. मूल पाच अक्षरं निवडून वाचतं, त्यातली किमान चार बरोबर आली तर ती पायरी झाली. शब्दांनाही हाच नियम. एका मुलाला पाच-सात मिनिटं. फक्त ते साधन पाठ करून घ्यायला भिंतीवर लावू नये. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत हे २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानाचं लक्ष्य आहे. पण घड्याळ लावून वाचायची सवय शब्द पायरी पक्की होण्याआधी लावली तर मुलं शेवटचं अक्षर गिळायला शिकतात.

शब्दांनंतर गोष्टी हव्यातच, आणि त्यासाठी 'प्रथम बुक्स'चं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आजही सर्वांत चांगला सौदा आहे. २०१५ पासून चालू, मराठीत भरपूर पुस्तकं, चार पातळ्या. पहिल्या पातळीत अडीचशेपर्यंत शब्द, दुसरीत सहाशेपर्यंत, तिसरीत दीड हजारापर्यंत. परवाना खुला असल्यामुळे श्रेय देऊन छापता येतं, बदलताही येतं; म्हणजे अनुवादातलं पुस्तकी वाक्य खटकलं तर आपल्या मुलांच्या बोलीला जवळचं करून घेता येतं. उणीव एवढीच की पहिल्या पातळीच्या काही पुस्तकांत शब्द थोडे असले तरी जोडाक्षरं बरीच असतात, तेव्हा पातळीच्या आकड्यावर न जाता पुस्तक आधी स्वतः वाचून घ्यावं. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये रंगीत पार्श्वभूमीवरचा मजकूर राखाडी होऊन वाचता येत नाही. अशी पुस्तकं रंगीतच काढावीत किंवा पांढऱ्या पार्श्वभूमीची निवडावीत. एका ए-फोर कागदावर दोन पानं बसवून पैसे वाचवायला गेलं तर पहिलीसाठी अक्षर फार बारीक होतं. गटात बाईंनी वाचून दाखवायचं पुस्तक ए-थ्रीवर काढावं आणि मजकुराखाली बोट सरकवत वाचावं. दहा चांगली पुस्तकं प्रत्येकी दोन प्रतींत काढली की एका वर्गाचं वर्ष निघतं.