एलयूटी की आयजीएसटी भरून परतावा?

निर्यातीच्या मालावर कर शून्य, हे तुम्हाला ठाऊक असेलच. प्रश्न एवढाच, की एलयूटी (निर्यातदाराचं हमीपत्र) देऊन कर न भरताच माल पाठवायचा, की आधी आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) भरून नंतर परत घ्यायचा? शिरोलीच्या आमच्या फाउंड्रीतून मी दोन्ही प्रकारे कंटेनर न्हावा-शेव्याला पाठवले आहेत.

कर भरायची वाट दिसायला सोपी. वेगळा अर्ज नाही, शिपिंग बिल (कस्टम्सकडे द्यायचा निर्यातीचा कागद) हाच अर्ज. जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) च्या तक्ता ६ए मध्ये नोंद, ३बी (करभरण्याचं विवरणपत्र) भरलेलं आणि जहाजाचा ईजीएम (निर्यात मालाची यादी) दाखल झालेला असला की पैसे खात्यात. शिवाय यंत्रसामग्री घेताना भरलेल्या कराचं क्रेडिट या वाटेनं मोकळं होतं. एलयूटीवरच्या परताव्यात ते धरत नाहीत. नुकतीच नवी भट्टी घेतली असेल, तर हा मुद्दा मोठा आहे.

माझं मन मात्र एका नंबरामुळे उडालं. शिपिंग बिलात सीएचएनं (कस्टम्सचं काम पाहणाऱ्या एजंटनं) कमर्शियल इनव्हॉइसचा नंबर टाकला आणि जीएसटीआर-१ मध्ये आम्ही जीएसटी इनव्हॉइसचा. आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर एसबी००५ चा, म्हणजे इनव्हॉइस नंबर जुळत नसल्याचा शेरा आला. माल हॅम्बुर्गला पोचला, ग्राहकाचे पैसेही जमा झाले, आमचे १८ टक्के मात्र अडकलेलेच. दोन्ही नंबर समोरासमोर मांडून तक्ता दिला, कस्टम्सकडे खेपा घातल्या. कर भरताना क्रेडिट पुरलं नव्हतं, उरलेली रक्कम रोख गेली होती. त्या महिन्यांत पिग आयर्न आणि स्क्रॅपवाल्यांची देणी भागवताना झोप उडाली. तेव्हापासून दोन्ही इनव्हॉइसना आम्ही एकच नंबर देतो.

एलयूटीलाही कटकटी आहेत. आरएफडी-११ हा एलयूटीचा अर्ज दर आर्थिक वर्षाला नव्यानं भरायचा. इनव्हॉइसच्या तारखेपासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर गेला नाही, तर कर व्याजासह भरायचा. क्रेडिट साचलं तर परताव्यासाठी आरएफडी-०१ चा अर्ज आणि त्यामागची कागदपत्रं. पण आमची निम्मी विक्री पुणे-चाकणला होते, त्या करातच क्रेडिट जिरतं. अर्जाची वेळ क्वचित येते.

सगळाच माल बाहेर जात असेल, तर तुमचं गणित वेगळं निघू शकेल. सीएंना आकडे मांडायला सांगा. आमच्यासारखी देशातली विक्री असेल, तर मी एलयूटीच घ्या म्हणेन. मार्च संपायच्या आत आरएफडी-११ भरा आणि एप्रिलच्या पहिल्या कंटेनरआधी त्याचा एआरएन (अर्जाचा पोच क्रमांक) सीएचएला पाठवून ठेवा.