लेबल एक, तबकडी दुसरीच

78 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, जुन्या ग्रामोफोन तबकड्या घेणाऱ्यांनी हे वाचावं, आडबाजूच्या रेकॉर्डची ओढ असलेल्यांनी तर नक्कीच. बालगंधर्वांच्या तबकड्यांची लेबलं कशी दिसतात हे पुष्कळांना ठाऊक आहे. मी शोधत असते विसरलेल्या शाहिरांचे पोवाडे, नकलाकारांच्या नकला, नाव कुठेच न सापडणाऱ्या गायकांची पदं. सुई टेकली की तीन-सव्वातीन मिनिटं एक हरवलेला माणूस समोर गायला लागतो. या आनंदासाठी मी पैसे मोजते आणि पुढेही मोजेन. पण अशा तबकडीची दुसरी प्रत पडताळायला सहसा कुणाकडे नसते, आणि ठगांना नेमकं तेच सोयीचं पडतं.

मला दाखवलेली तबकडी ‘यंग इंडिया’ची होती. वडाळ्याला कारखाना असलेली ही देशी कंपनी 1935 ते 1955 पर्यंत चालली. विक्रेत्याने लेबलचा फोटो पाठवला, पोवाड्याची क्लिप ऐकवली, ‘आणखी दोन गिऱ्हाईकं थांबलीत’ असंही सांगितलं. साडेचार हजार रुपये यूपीआयने गेले.

पार्सल आलं. तबकडी वाजवली तर पोवाडा नाहीच, कुठल्याही रद्दीवाल्याकडे मिळेल असं हिंदी सिनेमातलं गाणं! मग लेबल नीट पाहिलं. तबकडी छापताना लेबल तिच्या लाखेच्या मिश्रणातच उष्णतेने आणि दाबाने बसतं, त्याला गोंद लागत नाही. इथे कडेवरून नख फिरवलं तर कागद अडत होता. सोनेरी अक्षरं तिरप्या उजेडात चमकायला हवीत, ती पिवळट-तपकिरी दिसत होती. भिंगाखाली रंगीत झेरॉक्सचे ठिपके. लेबलच्या बाहेरच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेल्या क्रमांकाचा लेबलवरच्या एकाही आकड्याशी मेळ नव्हता. क्लिप अर्थातच दुसऱ्या कुणाच्या तरी संग्रहातली.

फोन केला तेव्हा आधी ‘पॅकिंगवाल्या पोराने घोळ केला’, मग नंबर ब्लॉक.

म्हणून सांगते, नुसता फोटो आणि नुसती क्लिप यांवर पैसे पाठवू नका. न थांबवता काढलेला एकच व्हिडिओ मागा: आधी तो कोरलेला क्रमांक, मग लेबल, मग सुई टेकून वाजणारी तीच तबकडी. खऱ्या विक्रेत्याला यात पाच मिनिटंही जात नाहीत आणि तो रागावतही नाही. शंका असेल तर जाणत्यांना विचारा. मुंबईत 1990 पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ आहे, तिथली मंडळी आयुष्यभर याच तबकड्यांत रमलेली आहेत. पार्सल उघडतानाही व्हिडिओ काढा, कारण आधीच तडकलेली तबकडी पाठवून कुरिअरवर खापर फोडणारेही आहेत. तडा जुना असला तर त्याच्या कडेत मळ बसलेला असतो.

पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता कमी. माझी तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. लेबलचा तोच फोटो मात्र आता दुसऱ्या नावाने, सहा हजारांना फिरतो आहे. मधल्या भोकाच्या डावीकडे निळ्या शाईचा लांबट डाग आहे, त्यावरून ओळखा.