विमानात उघडायला मैत्रिणीला काय द्यावं: खाऊ, उपयोगाची वस्तू की पत्र?

सप्टेंबर जवळ आला की ठाण्यात कुणाची ना कुणाची मैत्रीण जर्मनीला निघालेली असतेच, तिकडचं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतं ना, आणि मग राम मारुती रोडवर दुकानासमोर उभं राहून तोच प्रश्न, हिला विमानात उघडायला काय द्यावं. मी आत्तापर्यंत चौघींना असं काहीबाही दिलंय, दोनदा फसलं, दोनदा मस्त जमलं, म्हणून कोणी आत्ता ठरवत असेल तर सगळं एकदाच लिहून टाकते.

आधी ती भेट कुठे उघडली जाणार ते डोळ्यासमोर आणा. रात्री अडीच-तीनची फ्लाइट, दहाला ठाण्यातून निघालेली, सहारला गेटवर आईला मिठी मारून एकटी आत गेलेली, मग इमिग्रेशनची लाइन, सिक्युरिटीची लाइन, आणि शेवटी मधली सीट, दोन्हीकडे अनोळखी माणसं, थोड्या वेळाने दिवेही मंद होतात. तिथे कात्री नाही, टेबल म्हणजे वीतभर ट्रे, आणि कचरा टाकायला समोरचा खिसा. त्यामुळे मोठा बॉक्स, चकचकीत कागद, सेलोटेप हे सगळं बाद. शिवाय सिक्युरिटीवाल्यांना शंका आली तर ते पॅकिंग उघडायला लावतात, मग मजाच गेली. मी हल्ली आईच्या जुन्या इरकल साडीचा छोटा बटवा शिवून घेते, नाडी ओढली की उघडतो, पुढे तिकडे कानातले ठेवायला पण होतो.

आता खाऊ. पहिला विचार सगळ्यांचा हाच असतो आणि तो चुकीचा नाहीये, पण कुठला खाऊ ते महत्त्वाचं. केबिनमधली हवा साधारण 6,000 ते 8,000 फूट उंचीवर असते तितकी विरळ असते आणि भयंकर कोरडी, आर्द्रता बऱ्याचदा 20 टक्क्यांच्याही खाली, त्यात इंजिनाचा सतत आवाज, त्यामुळे गोड आणि खारट चव नीट लागतच नाही, आंबट आणि मसालेदार बऱ्यापैकी टिकतं. म्हणजे हौसेने दिलेला पेढा तिथे फिका लागणार आणि आवळा सुपारी, चिंचेच्या गोळ्या, आलेपाक छान लागणार. माझं मत सरळ आलेपाकाला. विमान उतरायला लागलं की कानाला दडे बसतात, तेव्हा काहीतरी चघळत राहिलं की सारखं गिळलं जातं आणि कान मोकळे होतात, मळमळत असेल तरी आलं बरं पडतं. पाव किलो आणायचा, आठ-दहा वड्या बटर पेपरमध्ये एकेक गुंडाळून द्यायच्या, बाकीच्या घरच्यांना.

चिवडा नको, पाकीट वर फुगून टम्म होतं, फोडलं की मांडीवर पोहे आणि शेजाऱ्याच्या नाकात वास, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं कोणी जवळ असेल तर वेगळीच पंचाईत. सुकं खोबरं तर देऊच नका, त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं म्हणून विमानात त्याला मनाई आहे. आणि मैत्रीण दुबईला चालली असेल तर अनारसे अजिबात नाही, कारण त्यावर खसखस असते आणि युएईत खसखस न्यायला बंदी आहे, उरलेले दोन अनारसे पर्समध्ये राहिले तरी नसती भानगड. ऑस्ट्रेलियाला जाणारीला सांगून ठेवा की उरलेला खाऊ उतरताना डिक्लेअर करायचा, नाहीतर दंड बसतो.

माझी पहिली चूक खाऊचीच होती. लिंबाचं लोणचं, घरचं, मुरलेलं, काचेच्या छोट्या बरणीत, हँडबॅगेत टाक म्हटलं. आंतरराष्ट्रीय फ्लाइटला हातातल्या सामानात द्रव किंवा ओघळणारं काहीही 100 मिलीपेक्षा मोठ्या डब्यात चालत नाही, डबा अर्धा रिकामा असला तरी नाही, आणि लोणचं, तूप, मध हे त्यांच्या हिशेबात द्रवच. बरणी तिथेच राहिली. तिने आतून फोन केला तेव्हा लोणच्यापेक्षा ती मलाच समजावत होती, आणि ते मला आजही लागतं, कारण तिच्या त्या रात्रीत मी आणखी एक त्रास वाढवला होता.

उपयोगाच्या वस्तूंचं म्हणाल तर लिप बाम आणि सैल सुती मोजे ही जोडी खरंच कामाची, ओठ फुटतात, पाय गार पडतात आणि बसून बसून सुजतात पण, म्हणून घट्ट मोजे नकोत. दोनशे-तीनशेत काम होतं. अत्तर नको, बंद केबिनमध्ये सगळ्यांना त्रास. शाईचं पेन पण नको, हवेचा दाब बदलला की गळतं. पण खरं सांगू का, मोजे ती घालते, थँक्यू म्हणते आणि झोपते. उपयोग होतो, आठवण नाही राहत.

आठवण राहते ती पत्राची. दुसरी मैत्रीण टोरंटोला गेली तेव्हा मी तीन पाकिटं दिली होती, एकावर लिहिलं "उडाल्यावर", एकावर "झोप येत नसेल तेव्हा", एकावर "उतरायच्या आधी". मधल्या पाकिटात आमचा दहावीचा फोटो होता, दोघींच्या वेण्या, लाल रिबिनी, आणि मागे पेन्सिलीने तिच्याच अक्षरात लिहिलेलं "परीक्षा संपली!!", हे तिला माहीतच नव्हतं की माझ्याकडे आहे. तिने सांगितलं की ती वाचायचा दिवा लावून तो फोटो कितीतरी वेळ नुसता धरून बसली होती, शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा त्यांनाही दाखवला, आणि मग त्या काकूंनी तिला पुढचा सगळा प्रवास सांभाळून नेलं. दीडशे रुपयांचा पण खर्च नव्हता.

पत्राची अडचण एकच, रडू येतं. जी आधीच घाबरलेली आहे, पहिल्यांदाच एकटी निघालीय, तिला पहिल्या पाकिटात जड काही लिहू नका. मुंबईहून उडालं की बहुतेक वेळा थोड्याच वेळात खाली समुद्र येतो, त्यावर दोन ओळी, एखादा चावट किस्सा, बस. मनातलं सगळं शेवटच्या पाकिटात. आणि अक्षर मोठं काढा, उजेड कमी असतो.

ज्यांना लिहिता येत नाही असं वाटतं त्यांच्यासाठी रेकॉर्डिंग पण चांगलं, तिच्या आईचा आवाज, कुकरची शिट्टी, लोकलमधलं "पुढील स्टेशन ठाणे". फक्त ते आदल्या दिवशी तिच्या फोनमध्ये डाउनलोड झालंय ना बघा, फ्लाइट मोडमध्ये नुसता पाठवलेला मेसेज उघडत नाही.

नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून किंवा सहारवरून कोणी दोन तासांवर बंगळूरला चाललं असेल तर एवढं सगळं नको, आलेपाक आणि एक चिठ्ठी पुरे. आठ-नऊ तासांच्या वर असेल तर पत्र आणि खाऊ दोन्ही, आणि पैसे उरले तर मोजे. पुस्तक मी देत नाही, बऱ्याच ठिकाणी केबिन बॅगेला 7 किलोचीच मर्यादा असते आणि ती आधीच भरलेली असते.

आणखी एक, भेट एअरपोर्टवर देऊ नका. घरीच, बॅग बंद व्हायच्या आधी द्या आणि पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात स्वतः ठेवा. वरच्या रॅकमध्ये गेली की मधल्या सीटवरून उठून कोण काढतंय.

माझी पाचवी शुक्रवारी रात्री निघतेय, फ्रँकफर्ट. बटवा शिवून आलाय, आलेपाक उद्या जांभळी नाक्यावरून आणते, पाकिटं तीन, त्यातलं तिसरं अजून कोरं आहे.