चोर्ला घाटात बंद पडलेली गाडी आणि 'कोल्हापूरचा' पंप

गेल्या पावसाळ्यात गोव्यात साखळीला बहिणीकडे गेलो होतो. बेळगावला परत येताना आई बरोबर होती. केरी मागे पडून चोर्ल्याचा चढ लागला. धुकं इतकं, की पुढच्या ट्रकचा नुसता लाल दिवा दिसत होता. एका वळणावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर गाडीत ओढच नाही. दोन आचके दिले आणि इंजिन गप्प झालं.

स्टिअरिंग जड झालं. ब्रेक पहिल्यांदा लागला, पण दुसऱ्या दाबाला पॅडल दगडासारखं. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांतच संपते. गाडी हळूहळू मागे सरकायला लागली. हँडब्रेक होता तेवढा ओढला, पहिला गिअर टाकला आणि उतरून चाकामागे लावायला दगड शोधत पावसात धावलो. मागच्या सीटवरून आई विचारत होती, "बाळा, मी उतरू काय?" तिचं वय 74. तो आवाज अजून कानातून जात नाही.

गोव्यात भाजी उतरवून रिकामा परतणारा जांबोटीकडचा एक पिकअपवाला थांबला. आईला त्याने आपल्या केबिनमध्ये बसवलं आणि मला म्हणाला, "काका, ब्रेक जड लागंल, दोन्ही पायांनी दाबा." त्याने टोचन लावून आम्हाला कणकुंबीपर्यंत आणलं. पैसे घेतले नाहीत.

घाटातली ही वेळ अचानक आली नव्हती. तिची सुरुवात चार महिन्यांपूर्वी बेळगावातच झाली होती. निपाणीहून येताना वंटमुरीच्या चढाला गाडी मिसिंग मारायला लागली, पिकअप घेईना. गाडी पेट्रोलची, 62 हजार किलोमीटर झालेली. मी नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. अकरा वर्षांची ओळख, आमच्या गल्लीतल्या निम्म्या गाड्या त्याच्याकडेच. त्याने बॉनेट उघडलं, पाच मिनिटं कान देऊन ऐकलं आणि सांगितलं, "फ्युएल पंप गेला वो सर. कंपनीत चौदा हजार सांगतील. मी कोल्हापूरहून ओरिजिनल मागवतो, साडेनऊत होईल." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी तयार. बॉक्स दाखवला, तो मी डिकीत टाकला. जुना पंप मागितला, तर म्हणाला, "भंगारात गेला की." मी गप्प बसलो. माझा पहिला पंप खरोखर गेला होता की नाही, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

घाटातून आल्यावर गाडी मी त्याच्याकडे नेली नाही, बेळगावच्याच उद्यमबागेतल्या दुसऱ्या गॅरेजला नेली. तिथल्या पोराने आधी काहीच न उघडता इंधनाच्या लाइनला प्रेशर गेज लावला. माझ्या गाडीला साडेतीन बारच्या आसपास दाब हवा. काटा दीडच्या पुढे जाईना आणि गाडी तापल्यावर तोही उतरला. मग त्याने मागची सीट काढली, टाकीवरचं झाकण उघडलं आणि पंप बाहेर घेतला. जुन्या गॅरेजमध्ये हे पाच मिनिटांचं गेज कुणी लावलंच नव्हतं.

पंप त्याने माझ्या हातात दिला. जिथे कंपनीचं नाव आणि नंबर असायला हवा, तिथे बोटभर रुंद चकचकीत पट्टा होता, काचपेपरने घासलेला. उजेडात तिरका धरला की घासलेल्या अक्षरांचे खड्डे दिसत होते. टाकीच्या तोंडावरची रबरी रिंग नवीन नव्हतीच, तिच्यावर जुन्या झाकणाचा वळ होता. डिकीतला बॉक्स काढला. किमतीचं लेबल नखाने उचकटलं, तर खाली दुसरं लेबल, दुसऱ्याच गाडीच्या पार्टचं. बनवल्याचा महिना-वर्ष कुठेच नाही. पॅक करून विकलेल्या मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि छापील किंमत असायलाच लागते.

मी मिस्त्रीकडे गेलो. आधी त्याने इथेनॉलवर ढकललं. "आता पेट्रोलातच घोळ आहे सर, सगळ्यांचे पंप जाऊलालेत." पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, ते पाणी धरतं, जुन्या गाड्यांच्या रबरी भागांना त्याचा त्रास होऊ शकतो. हे सगळं मान्य. पण इथेनॉल पंपावरचा नंबर घासत नाही. मी घासलेला पट्टा पुढे केला, तसा सूर बदलला. "माल कोल्हापूरच्या दुकानाचा. मी फक्त बसवणारा. तिकडं जाऊन भांडा."

हे वाक्य बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लोकांनी नीट ऐकून ठेवावं. माल तिकडचा म्हटलं, की आपला माणूस थंडच होतो. कोण जाणार, कुणाला विचारणार, तिकडचं राज्य वेगळं. ही आपली अडचण ओळखूनच हा धंदा चालतो.

बिल मी हट्टाने घेतलं होतं म्हणून वाचलो. रात्री ते दिव्याखाली धरलं. वर कोल्हापूरच्या दुकानाचं नाव, खाली शिक्का, आणि जीएसटी नंबर सुरू होतो 29 ने. मी घाऊक दुकानात हिशेब लिहितो, दोन्हीकडची बिलं रोज माझ्या हातातून जातात. महाराष्ट्राचा नंबर 27 ने सुरू होतो, 29 हा कर्नाटकाचा. कोल्हापुरातल्या दुकानाला 29 येणारच नाही. जीएसटीच्या वेबसाइटवर लॉगिन न करताही नंबर टाकून बघता येतो. तो नंबर भलत्याच धंद्याच्या नावावर निघाला. चार महिने ते बिल माझ्या कपाटात होतं, मी एकदाही बघितलं नव्हतं.

1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, मराठीत बोललो. त्यातून मिटलं नाही म्हणून बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. 2019 च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, विकणारा कुठल्याही राज्यातला असो. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. वकील लावायची सक्ती नाही, मुदत दोन वर्षं. मी जोडलं ते एवढंच: बिल, बॉक्सवरच्या दोन्ही लेबलांचे फोटो, गेजचा फोटो आणि उद्यमबागेच्या गॅरेजने लेटरहेडवर लिहून दिलेला अहवाल. पंप पिशवीत सील करून ठेवलाय, कुणालाही 'बघून देतो' म्हणून दिला नाही.

मधल्या काळात एका ओळखीच्याकडून निरोप आला, पाच हजार घ्या आणि मिटवा. मी नाही म्हणालो. पाच हजारांत पंपाची किंमत कदाचित भागली असती, पण मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये त्या आठवड्यात अजून दोन गाड्यांच्या मागच्या सीटा काढलेल्या मी बघितल्या होत्या. त्यांतल्या एका गाडीत लहान मुलाची सीट बांधलेली होती.

प्रकरण अजून चालू आहे. तोवर, चढाला गाडी ओढेना झाली आणि कुणी पंप गेला म्हणालं, तर आधी गेज लावायला सांगा, पंपाची जाळी साफ करून बघायला सांगा. पार्ट बदललाच तर बॉक्स तुमच्यासमोर फोडायला लावा आणि जुना पार्ट घरी घेऊन या. आणि ज्यांनी अलीकडे 'कोल्हापूरहून मागवलेला' माल बसवून घेतलाय, त्यांनी ते बिल आज रात्रीच काढून जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघावेत.