डेबियन नेटइन्स्ट पेनड्राइव्ह, काही महिन्यांच्या वापरानंतर: सगळं चोख, फक्त नेटवर्क कार्ड सोडून

डेबियन १२ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची नेटइन्स्ट आयएसओ, म्हणजे नेटवरून इन्स्टॉल करायची छोटी फाइल, कित्येक महिने एका जुन्या पेनड्राइव्हवर घालून वापरली. इन्स्टॉलर कसा दिसतो, पार्टिशन कशी करायची हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते एकाच स्क्रीनबद्दल: नेटवर्क कार्ड शोधण्याची स्क्रीन. आयएसओ सहाशे-सातशे एमबीची, बाकीचं सगळं नेटवरून उतरवणार. म्हणजे हिला कार्ड सापडलं नाही, तर पुढचं सगळं चोख असून काय उपयोग?

डेस्कटॉपवर कुरकुरायला जागाच मिळाली नाही. त्यातलं २.५ गिगाबिटचं आरटीएल८१२५ कार्ड आर८१६९ ड्रायव्हरनं (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमनं) लगेच उचललं. इंटेल वाय-फायच्या लॅपटॉपवरही तसंच. पूर्वी इथे फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची, फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवरून पुरवावी लागायची. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून नॉन-फ्री (खुला सोर्स नसलेलं) फर्मवेअर अधिकृत आयएसओत घ्यायचं ठरवलं आणि २०२३ मध्ये आलेल्या १२ पासून ती कटकट बरीचशी संपली. इंटेलच्या लॉगमध्ये 'फेल्ड विथ एरर -२' अशा ओळींची रांग दिसली तर घाबरू नका. ड्रायव्हर फर्मवेअरची सगळ्यात नवी आवृत्ती आधी मागतो, नाही मिळाली की एकेक पायरी खाली उतरतो. शेवटी 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' आलं की काम झालं.

मग आला नवा लॅपटॉप. लॅनचं सॉकेटच नाही, सगळी भिस्त वाय-फायवर. इन्स्टॉलरनं सांगितलं, इथरनेट कार्ड सापडलं नाही, आणि ड्रायव्हरांची लांबलचक यादी पुढे केली: निवडा यातून. काय निवडा? कंपनीच्या माहितीपत्रकात फक्त 'वाय-फाय ६'. स्क्रीनच्या कडांची जाडी मिलिमीटरमध्ये दिली आहे, चिपचं नाव कुठेही नाही! कस्टमर केअरला विचारलं तर उत्तर आलं की आधी विंडोज परत टाका, मग बोलू. चिपचं नाव सांगायला विंडोज कशाला लागतं, हे मला अजून कळलेलं नाही.

शेवटी कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून कन्सोलवर गेलो आणि 'एलएसपीसीआय -एनएन' देऊन मशीनमधल्या कार्डांची यादी मागवली. ओळख क्रमांक १०ईसी:बी८५२, म्हणजे रिअलटेकचं आरटीएल८८५२बीई. मग 'डीमेसेज', म्हणजे कर्नलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) लॉग, पाहिला, तर या कार्डाबद्दल अवाक्षर नाही. सगळं निदान इथेच आहे. लॉगमध्ये 'एरर -२' येऊन पुढे काहीच लोड होत नसेल, तर ड्रायव्हर जागा आहे, त्याला फक्त फर्मवेअरची फाइल मिळत नाहीये. ती आणून दिली की भागतं. पण कार्ड एलएसपीसीआयच्या यादीत दिसतंय आणि लॉग गप्प आहे, तर बहुतेक त्या कर्नलमध्ये ड्रायव्हरच नाही. अशा वेळी फर्मवेअरच्या कितीही फाइली टाका, त्या वाचणार कोण? या कार्डाचा आधार कर्नल ६.२ मध्ये आला आणि डेबियन १२ चा कर्नल ६.१. एका आकड्यानं हुकलं.

तोवर माझं मत असं होत होतं की नेटइन्स्टचा नाद सोडावा, साडेतीन जीबीहून मोठी डीव्हीडी आयएसओ उतरवावी आणि सगळ्यांना तेच सांगावं. हे कळल्यावर ते मत बाद. डीव्हीडीतही कर्नल तोच ६.१. इन्स्टॉल ऑफलाइन उरकलं असतं, पण वाय-फाय तसंच मेलेलं राहिलं असतं.

यूएसबी लॅन अडॅप्टर घ्यायचा सल्ला सगळे देतात. एका इन्स्टॉलसाठी मी नाही घेणार. अँड्रॉइड फोन घरच्या वाय-फायला जोडला, चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला लावला आणि यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलनं पुढे देणं) चालू केलं. इन्स्टॉलरला तो साध्या लॅन कार्डासारखा दिसला, डीएचसीपीनं नेटवर्कचा पत्ता आपोआप मिळाला, पुढचं सगळं सुरळीत. मोबाइल डेटा शून्य खर्च, कारण फोन घरचंच वाय-फाय पुढे देत होता. मनापासून खूश झालो ते इथेच. फक्त केबल डेटावाली हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलनं काही होत नाही.

इन्स्टॉल झाल्यावर त्याच केबलवरून बुकवर्म-बॅकपोर्ट्समधला (डेबियन १२ साठीच्या नव्या आवृत्त्यांच्या साठ्यातला) नवा कर्नल आणि फर्मवेअर घेतलं, रीबूट केलं, वाय-फाय चालू. इंटरनेटवर मिळणारे सुटे ड्रायव्हर कंपाइल करायच्या फंदात पडलो नाही. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर त्या ड्रायव्हरांना स्वतःची सही करून ती किल्ली नोंदवत बसावं लागतं. बॅकपोर्ट्सचा कर्नल सही केलेलाच येतो.

जुन्या ब्रॉडकॉम कार्डवाल्यांना मात्र आजही दिलासा नाही. बी४३ ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, पण त्याचं फर्मवेअर वाटायला परवाना नाही, त्यामुळे ते आयएसओत येऊच शकत नाही. ते आणून बसवणारं पॅकेज आहे, पण तेही फाइल नेटवरूनच उतरवतं. नेट सुरू करायला आधी नेट हवं! तिथेही फोनचीच केबल.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं, कर्नल ६.१२ घेऊन. पेनड्राइव्हवर आता तेच आहे. त्याच लॅपटॉपवर पुन्हा लावून पाहिलं तर कार्ड पहिल्या झटक्यात सापडलं आणि सरळ वाय-फायचं नाव विचारलं.

पेनड्राइव्हला पाचपैकी साडेचार, अर्धा गुण त्या ड्रायव्हरांच्या निरुपयोगी यादीसाठी कापला. लॅपटॉप कंपनीच्या पानावर अजूनही 'वाय-फाय ६' एवढंच लिहिलेलं आहे.