नेरळ-माथेरान मिनी ट्रेन: घाई असेल तर टॅक्सीच करा

आधीच सांगतो, घाईत असाल तर या गाडीच्या नादाला लागू नका. नेरळ ते माथेरान साधारण २१ किलोमीटर आणि वेळ अडीच तासाच्या वर. टॅक्सी त्याच्या पावपट वेळात दस्तुरीला, म्हणजे मोटारीचा रस्ता जिथे संपतो तिथे, नेऊन सोडते. त्यामुळे "खूप स्लो आहे, वेळ वाया गेला" असले रिव्ह्यू वाचले की हसायला येतं, अरे बाबांनो दोन फुटी रूळ, वीसाला एक चढ म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, चाक अडकवायला मधे दातेरी पट्टी वगैरे काही नाही, नुसत्या चाकाच्या पकडीवर गाडी डोंगर चढतेय, ती काय डेक्कन क्वीनसारखी पळणार का?

मला विचाराल तर पाचात चार. पण हे चार कशाला दिले ते जरा नीट सांगायला लागेल.

मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकल पकडायची (बदलापूरवाली चालत नाही, ती आधीच संपते, दरवेळी ग्रुपमधला एकजण तरी त्यात चढतोच), नेरळला उतरायचं, स्टेशनबाहेर वडापाव खायचा आणि मिनी ट्रेनची खिडकी गाठायची. गाडी छोटी, डबे मोजके, नेरळहून वर जाणाऱ्या फेऱ्याही मोजक्याच, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी उशिरा पोचलात तर विसराच. कुठल्या बाजूला बसू म्हणून लोक विचारतात, काही फरक पडत नाही, वळणं इतकी आहेत की दरी आत्ता डावीकडे तर थोड्या वेळाने उजवीकडे. जुम्मापट्टी स्टेशनच्या आसपास एक जबरदस्त वळसा आहे, खालचा ट्रॅक वरून दिसतो आणि आपण खरंच इथून आलो का असं वाटतं. मग बोगदा, अख्ख्या लाईनवर एकच, वन किस टनेल म्हणतात त्याला, येतो न येतो तोच संपतो आणि तेवढ्यात सगळा डबा ओरडून घेतो. पुढची स्टेशनं वॉटर पाइप, मग अमन लॉज, मग माथेरान. गाडीत मोबाईलवर मोठ्याने रील लावणारे होते, त्यांचा मार्क गाडीला कापत नाही.

आता मुद्द्याचं. ही लाईन सरकारने बांधलेली नाही. मुंबईचे सर आदमजी पीरभॉय, त्यांनी पैसा घातला आणि मुलगा अब्दुल हुसेन याने काम उभं केलं, १९०४ ते १९०७, खर्च सोळा लाख, त्या काळचे सोळा लाख बरं का. तोपर्यंत नेरळला उतरून घोडा, पालखी नाहीतर पायी. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५० ला वर पोचला तेव्हापासून साहेब लोकांचं आणि मग मुंबईच्या पारशी-बोहरी श्रीमंतांचं येणंजाणं सुरू झालं, पण गाव म्हणून माथेरान नीट उभं राहिलं ते गाडी आल्यावर, असं माझं मत. सुरुवातीची इंजिनं जर्मनीची, ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीची, त्यांच्या चाकांचे आस (अ‍ॅक्सल) तीव्र वळणावर जरा सरकायचे म्हणून ती या वळणांवर टिकली. आणि उतारावर ब्रेक मारायला डब्याडब्यावर माणसं बसवलेली असायची, इंजिनाची शिट्टी ऐकून हाताने ब्रेक आवळायचे. त्या लोकांबद्दल कोणी लिहीत नाही, सगळे इंजिनाचेच फोटो काढतात.

आमच्या ऑफिसात यवतमाळचे एक काका आहेत, त्यांना फोटो दाखवले तर म्हणाले आमची शकुंतला गेली आणि तुमची पोरखेळाची गाडी कशी काय टिकली. प्रश्न बरोबर होता. शकुंतला म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर लाईन, ती कापसासाठी होती, पुलगाव-आर्वीही तशीच. कापूस ट्रकमध्ये गेला, माणसं एसटीत गेली, मग गाडीला उरलं काय. बार्शी लाईट रेल्वे वाचली ती रुंद रुळाची, ब्रॉडगेज होऊन, म्हणजे नॅरोगेज म्हणून नाहीच वाचली. माथेरानचं वेगळं एवढंच की इथे रस्ता दस्तुरीला संपतो. पुढे मोटारीला बंदी, अँब्युलन्स आणि अग्निशमनसारखी अडीनडीची गाडी आणि आता आलेल्या ई-रिक्षा सोडल्या तर काही नाही. ट्रक आत येऊच शकत नाही म्हणून रुळाला किंमत आहे.

आणि म्हणूनच माझ्या मते खरी रेल्वे आता नेरळहून सुटत नाही, ती दस्तुरीजवळच्या अमन लॉजहून सुटते. २०१२ ला अमन लॉज-माथेरान शटल सुरू झाली, जेमतेम तीनेक किलोमीटर, दिवसभर फेऱ्या. सुटकेसवाले, पोरंबाळंवाले, गुडघेदुखीवाले आजीआजोबा, बाजारात जाणारे गावकरी, सगळे त्यात. खालच्या टप्प्याला रस्त्याशी स्पर्धा आहे आणि तिथे गाडी कधीच हरली, वरच्या टप्प्यात स्पर्धा होती ती घोडा आणि हातरिक्षाशी. हातरिक्षा माणूस माणसाला ओढतो म्हणून २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या, ई-रिक्षाही आल्यात, घोडेवाले अर्थात नाराज, त्यांचंही पोट आहे. म्हणजे गाडीचं गणित पुन्हा बदलणार.

डोंगराच्या उतारावर ठाकर-कातकरी वाड्या आहेत. तिथल्या बायका पाट्या डोक्यावर घेऊन पायवाटेने चढतात, मे महिन्यात करवंदं-जांभळं विकतात. गाडी त्यांच्या अंगणावरून जाते पण गाडीचं तिकीट त्यांच्या हिशोबात बसत नाही, हे मला खटकतं. माथेरानात जन्मलेले भाई कोतवाल, नाभिक घरातले, वकील झाले, ते याच भागातल्या शेतकऱ्यांसाठी उभे राहिले, बेचाळीसला आझाद दस्ता नावाची क्रांतिकारकांची तुकडी काढून मुंबईकडे वीज नेणारे टॉवर पाडले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसोबत हुतात्मा झाले. पॉइंटांची नावं मात्र अजून बरीचशी साहेबांची.

कापलेला एक मार्क भरवशाचा. २६ जुलै २००५ च्या पावसात लाईन वाहून गेली, शंभरीच्या तोंडावर २००७ ला सुरू केली. २०१६ ला डबे घसरले, बंद, २०१८ च्या सुरुवातीला परत पूर्ण चालू. २०१९ च्या पावसात पुन्हा वाहिली आणि सुरू झाली थेट ऑक्टोबर २०२२ ला. डोंगरच तसा आहे, मान्य, पण दार्जिलिंग, निलगिरी, कालका-शिमला तिघी युनेस्कोच्या यादीत जाऊन बसल्या आणि ही अजून संभाव्य यादीतच.

जाणाऱ्यांसाठी: साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत नेरळहून गाडी नसते, फक्त शटल, तीही पाऊस बघून. दोन्हीकडचं तिकीट मिळत नसेल तर वर जाताना टॅक्सी आणि शटल करा आणि उतरताना पूर्ण गाडी घ्या, तोपर्यंत घाई संपलेली असते. अमन लॉजला खाऊ बॅगेत ठेवा, माकडं थेट हातातून नेतात. आणि चामड्याची चप्पल घेणार असाल तर बाजारात घ्या, घालून बघून, मातीत लगेच लाल होते पण माझी अजून चालतेय.