अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन: ओपन की दुर्बिणीतून? आमचा पुण्यातला अनुभव

हॉस्पिटलचं नाव टाकत नाहीये, कारण तक्रारही आहे आणि सर्जनचे उपकारही आहेत.

अण्णा ६८ वर्षांचे, बिडी आयुष्यभर. भाकरीचा घास छातीत अडकायला लागला, मग भातही, एन्डोस्कोपीत कॅन्सर निघाला. आधी ५ आठवडे केमो-रेडिएशन झालं आणि मग ऑपरेशनच्या वेळी एकीकडे सांगितलं ओपन, म्हणजे बरगड्यांमधून छाती उघडून, आणि दुसरीकडे दुर्बिणीतून. काका अडून बसले की दुर्बिणीतून आजूबाजूच्या लिम्फच्या गाठी (जिथे कॅन्सर पसरू शकतो) राहून जातात. मी तेच सर्जनना विचारलं तर त्यांनी २०१२ चा 'टाइम' (TIME) नावाचा, दोन्ही पद्धतींची तुलना करणारा अभ्यास समजावला, ११५ पेशंट, पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचं इन्फेक्शन ओपनमध्ये २९ टक्के आणि दुर्बिणीत ९ टक्के, काढलेल्या गाठी जवळपास सारख्याच, आणि ३ वर्षांनी किती जण जगले त्यात ठळक फरक नाही. अण्णांची फुप्फुसं आधीच कमजोर, म्हणून आम्ही दुर्बीण घेतली.

तो निर्णय बरोबर ठरला असं मी मनापासून सांगते. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवलं, तिसऱ्या दिवशी धरून चालवलं, तीन बॉलवाला स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचं उपकरण) दर तासाला, न्यूमोनिया झाला नाही. पण टाके छोटे बघून कुणी निर्धास्त राहू नका, आत जठराची नळी करून वर छातीत किंवा मानेपर्यंत ओढून जोडलेली असते आणि तो जोड दोन्ही पद्धतींत लीक होऊ शकतो. आमचा झाला. नऊ दिवस तोंडातून पाणीसुद्धा नाही, सगळं पोटावरच्या नळीतून, ते दिवस फार वाईट गेले.

वॉर्डातल्या सिस्टर फार चांगल्या, रात्री दोनला हाक मारली तरी यायच्या. डाएट चार्टवर मात्र नुसतं सूप आणि कस्टर्ड, आमच्या घरात कोण करणार ते? शेवटी आम्हीच मऊ भात, मुगाचं वरण, नाचणीची आंबील असं दिवसातून सात-आठ वेळा थोडं थोडं सुरू केलं, जेवल्यावर तासभर बसवून ठेवायचं आणि झोपताना उशाकडची बाजू उंच.

तक्रार बिलाची. स्टेपलर (ऑपरेशनमध्ये आतून कापून टाके घालायचं उपकरण) एस्टिमेटमध्ये धरलेच नव्हते, डिस्चार्जच्या दिवशी कळलं, आणि आजारी माणूस खाली व्हीलचेअरवर ताटकळत असताना मी दीड तास काउंटरवर भांडत होते. स्टेपलर धरलेत का ते ॲडमिट व्हायच्या आधी लेखी घ्या. आणि सर्जनना वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता हे विचारायला लाजू नका, आमच्या सर्जननी अजिबात न चिडता सांगितलं.